ऑफिसच्या नेटवर्कवर फाइल कॉपी रखडते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवीसेक कॉम्प्युटरांचं ऑफिस, एक विंडोज फाइल सर्व्हर, बॅकअपसाठी एक नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), आणि सगळ्यांच्या केबली एकत्र जोडणारे स्विच खोक्यांवर लिहिल्याप्रमाणे सगळे गिगाबिट. काही जणांची मोठी फाइल सेकंदाला ११ एमबीच्या वर जातच नाही. काहींची कॉपी सुरुवातीला सुसाट निघते आणि अर्ध्या मिनिटात बसते. हजारो छोट्या फायलींचं फोल्डर हलवायचं म्हटलं की सगळ्यांचेच तासन्‌तास जातात. इंटरनेटची स्पीड टेस्ट मात्र झकास येते. हार्डवेअर पुरवणाऱ्याने मुख्य स्विच बदलायला सांगितलं आहे, तर बदलावा का?

अजून नको. तुम्ही ज्याला एक तक्रार म्हणताय त्या माझ्या मते तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातल्या निदान दोन तरी नवा स्विच लावूनही जशाच्या तशा राहतील. फाइल इकडून तिकडे जाते तेव्हा वाचणारी डिस्क, पाठवणारा कॉम्प्युटर, केबल, स्विच, घेणारा कॉम्प्युटर, लिहिणारी डिस्क आणि या सगळ्यांवर बसलेला फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल (दोन कॉम्प्युटरांनी आपसांत बोलायचे ठरलेले नियम), इतक्या टप्प्यांतून जाते. यातला सगळ्यात संथ टप्पा एकटा तुमचा स्पीड ठरवतो. बाकीच्यांवर कितीही खर्च करा, आकडा जागचा हलणार नाही. म्हणून टप्पे सुटे करून मोजायचे आणि ज्याचा आकडा पडलेला दिसेल त्यालाच हात लावायचा. या कामात पैसा आणि वेळ वाया जातो तो बहुतेक वेळा मोजण्याआधी बदल केल्याने.

आधी एककांचा घोळ मिटवू. नेटवर्कवाले बिट मोजतात, विंडोजची कॉपीची खिडकी बाइट दाखवते, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १००० एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) गिगाबिट लिंक कागदावर सेकंदाला १२५ एमबी होते. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या, म्हणजे पॅकेटवरच्या, हेडरचा (पत्ता वगैरे माहितीचा) भार वजा जाता हातात ११० ते ११५ पडतात. १०० एमबीपीएसची लिंक कागदावर १२.५ आणि प्रत्यक्षात ११ ते ११.८. हे दोन आकडे पाठ असू द्या, कारण अर्धं निदान त्यांच्यावरच होतं. ‘नेटवर्क स्लो आहे’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: एकच मोठी फाइल, चार-पाच जीबीची, कॉपी करताना आकडा कितीवर स्थिरावतो?

तुमच्याकडे काहींचा ११ वर स्थिरावतो. रेषा सपाट, ना वर ना खाली. असं दिसलं की मी डिस्क, सर्व्हर, अँटिव्हायरस यांच्याकडे बघतसुद्धा नाही. वाटेत कुठेतरी एक लिंक १०० वर चालली आहे, हे जवळजवळ नक्की. इंटरनेटची टेस्ट चांगली येण्याचं कारणही यातच सापडतं. कनेक्शन १०० एमबीपीएसच्या आसपास असेल तर १०० वर अडकलेली लिंकसुद्धा टेस्टमध्ये ९४-९५ दाखवते आणि सगळं आलबेल वाटतं. शिवाय ती टेस्ट तुमच्या फाइल सर्व्हरच्या वाटेला जातच नाही.

आता ती लिंक शोधायची. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरची स्टेटस खिडकी उघडा, तिथे स्पीडसमोर १.० जीबीपीएस हवं. १०० एमबीपीएस असेल तर दोष त्या कॉम्प्युटरपासून पहिल्या पोर्टपर्यंतच्या टप्प्यात आहे. पण इथे १.० जीबीपीएस दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. ही खिडकी फक्त पहिल्या उपकरणापर्यंतचं सांगते. टेबलाखाली एखादा पाच पोर्टचा छोटा स्विच असेल तर कॉम्प्युटर ते छोटा स्विच गिगाबिट, आणि छोटा स्विच ते भिंतीतलं सॉकेट १००, असं सर्रास असतं. त्या टेबलावरच्या चौघांची तक्रार मग सारखीच असते, आणि चौघांच्याही खिडकीत सगळं ठीक दिसतं.

दुसरी हमखास जागा म्हणजे आयपी फोन, नेटवर्कच्या केबलवर चालणारा. भिंतीतून केबल फोनला येते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टातून कॉम्प्युटरला जाते. स्वस्त किंवा जुन्या फोनांमध्ये हा पोर्ट १०/१०० चाच, म्हणजे फार तर १०० एमबीपीएसचा असतो. स्विच गिगाबिट, कार्ड गिगाबिट, केबल उत्तम, आणि मधोमध फोन. ज्यांना ११ मिळतात आणि ज्यांना पुरेपूर मिळतात अशा लोकांची यादी करा आणि कुणाच्या टेबलावर फोन आहे ते बघा. यादी जुळली तर काम झालं. तात्पुरती खात्री करायला केबल फोनमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघा. मात्र जिथे फोन आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचच्या सेटिंगने वेगळे केलेले नेटवर्कचे भाग) आहेत तिथे आधी स्विचचं सेटिंग पाहून घ्या.

फोन नाही, छोटा स्विच नाही, तरी १००? मग केबल. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६ वरच्या. गिगाबिटला चारही लागतात. पिन ४-५ वरची निळी जोडी किंवा ७-८ वरची तपकिरी जोडी तुटली, तरी लिंक बंद पडत नाही. बहुतेक कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कुणालाही काही न सांगता वर्षानुवर्षं तशीच चालत राहतात.

प्लग पारदर्शक असतो, त्याचा फायदा घ्या. क्लिप खालच्या बाजूला, सोनेरी पिना वर आणि केबल आपल्याकडे, असा धरा. डावीकडून वाचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी अर्धा मिलिमीटर मागे राहिली असेल तर पिन तिला नीट चावत नाही. आज लागते, उद्या टेबल हललं की सुटते. बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलेलं हवं. ते बाहेर राहिलं असेल तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो.

एक चूक टेस्टरलाही चकवते. ज्याला रंगांचा क्रम माहीत नसतो तो जोड्या ओळीने लावतो: नारिंगीच्या दोन, मग हिरव्याच्या दोन, मग निळ्याच्या दोन, मग तपकिरीच्या. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे व्यवस्थित लावतो. पण ३ आणि ६ या पिनांवर आता एकमेकांना पीळ घातलेल्या तारा राहिलेल्या नसतात. एक हिरव्या जोडीतली असते, एक निळ्या जोडीतली. दोन तारांना दिलेला पीळ बाहेरचा गोंगाट रद्द करतो. पीळच चुकला की शेजारच्या जोडीचा सिग्नल यात शिरतो आणि पॅकेटं खराब व्हायला लागतात. लहान केबलवर निभावून जातं, तीस-चाळीस मीटरवर नाही. म्हणून दिवे लागले एवढ्यावर केबलला पास करू नका, रंग डोळ्यांनी वाचा. कॅट ५ई दर्जाची केबल गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे कॅट ६ साठी भिंती फोडायची घाई नको. मात्र तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली स्वस्त मिळतात म्हणून घेतल्या असतील तर त्या बदलाच. त्या कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात बसतच नाहीत, छापलं काहीही असो.

कधीकधी आकडा ११ पेक्षाही कितीतरी खाली जातो, सेकंदाला एक-दोन एमबी किंवा त्याहून कमी, आणि पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) मात्र अगदी स्वच्छ. अशा वेळी डुप्लेक्स तपासा: फुल म्हणजे दोन्ही बाजू एकदम बोलू शकतात, हाफ म्हणजे आळीपाळीने. कुणीतरी कधीकाळी एका बाजूला ‘१०० फुल डुप्लेक्स’ असं हाताने पक्कं करून ठेवलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून ठरवणारी, असते. ऑटोवरच्या बाजूला समोरून वाटाघाटीचा सिग्नलच मिळत नाही. तिला स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे ती हाफ डुप्लेक्स धरून चालते. मग एक बाजू केव्हाही बोलते आणि दुसरी तिला टक्कर समजून थांबते. पिंगचं छोटंसं पॅकेट यातून सुखरूप निघतं, मोठी फाइल अडखळत राहते. उपाय साधा आहे: दोन्ही बाजू ऑटोवर. ‘स्पीड फिक्स केला की नेटवर्क स्थिर राहतं’ हा जुना सल्ला अजूनही फिरतोय, तो सोडून द्या. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला ऑटो निगोशिएशन मानकानुसार अनिवार्यच आहे.

स्विच मॅनेज्ड (ज्याची सेटिंग उघडून बघता येतात असा) असेल तर पोर्टचे एरर काउंटर, म्हणजे खराब पॅकेटांची मोजणी, बघा, सीआरसी किंवा एफसीएस नावाने असतात. नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नका, तो दोन वर्षांपूर्वीच्या खराब केबलचाही असू शकतो. काउंटर शून्यावर आणा, एक मोठी फाइल कॉपी करा, पुन्हा बघा. चांगल्या केबलवर तो शून्यच राहतो. वाढत असेल तर आधी केबल बदला, मग पोर्ट, मग कार्ड. एका वेळी एकच.

आता नेटवर्क आणि डिस्क वेगळे करू. यासाठी आयपर्फ३ नावाचं फुकट टूल आहे. एक प्रत सर्व्हरवर सर्व्हर मोडमध्ये चालवायची, दुसरी कॉम्प्युटरवरून क्लायंट मोडमध्ये. फायरवॉलमध्ये (नको ती जा-ये अडवणाऱ्या व्यवस्थेत) ५२०१ क्रमांकाचा पोर्ट तेवढ्यापुरता उघडावा लागतो; हा पोर्ट केबलचा नव्हे, सॉफ्टवेअरचा. हे टूल एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत डेटा पाठवतं. डिस्कला स्पर्श नाही, फाइल शेअरिंगचा संबंध नाही. जे दिसेल ते निव्वळ नेटवर्कचं. टेस्ट तीस सेकंद तरी चालू द्या आणि रिव्हर्स पर्याय देऊन उलट दिशेनेही करा. दुसऱ्या दिशेची टेस्ट बरेच जण करत नाहीत, आणि दोष नेमका तिकडेच निघतो. विंडोजवर एका स्ट्रीममध्ये हे टूल कधीकधी कमी आकडा देतं, म्हणून चार समांतर स्ट्रीम देऊनही एकदा बघा. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एनटीटीटीसीपी हे टूलही याच कामाचं आहे.

निरोगी गिगाबिटवर ९३० ते ९४५ एमबीपीएस येतात. ९४ आले तर वर सांगितलेली १०० ची लिंक. ३०० ते ६०० च्या दरम्यान वरखाली होत असेल तर केबलमधले एरर, वायफाय, किंवा मधली फायरवॉल. फायरवॉलवर जरा थांबतो. सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये, माणसं दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, आणि दोहोंमधलं राउटिंग फायरवॉलवर, अशी रचना सुरक्षेसाठी चांगलीच आहे. पण मग प्रत्येक फाइल त्या खोक्यातून जाते, आणि त्यात घुसखोरी तपासणी चालू असेल तर त्याची खरी क्षमता पत्रकावरच्या ठळक आकड्याच्या बरीच खाली असते. पत्रकातच खाली तपासणीसह वेगळा आकडा दिलेला असतो, तो बघा. आयपर्फ चालू असताना फायरवॉलचा सीपीयू टोकाला गेला तर उत्तर मिळालं.

आयपर्फमध्ये ९४० आणि कॉपी मात्र ३०, असं आलं तर मला बरं वाटतं, कारण केबल, स्विच, कार्ड, सगळं एका फटक्यात बाद झालं. आता उरली डिस्क आणि प्रोटोकॉल.

तुमची दुसरी तक्रार, सुरुवातीला सुसाट आणि मग ढेपाळणारी कॉपी, ही डिस्कचीच लक्षणं आहेत. पहिले काही जीबी घेणारा कॉम्प्युटर आपल्या रॅममध्ये साठवतो आणि ‘मिळालं’ म्हणून सांगतो. रॅममधली जागा भरली की डिस्क ज्या वेगाने रिकामी करेल त्याच वेगाने पुढचं येतं. म्हणजे ग्राफचा सुरुवातीचा डोंगर हा मेमरीचा आणि नंतरचं पठार हा डिस्कचा खरा वेग. पठारावरचा आकडा खरा माना.

आता पठार इतकं खाली का? ७२०० आरपीएमची चांगली हार्ड डिस्क ओळीने लिहिताना १५०-२०० एमबी सहज देते, म्हणजे एकट्या माणसाला गिगाबिट भरून काढते. पण तिच्यावर तिघेचौघे एकदम तुटून पडले की डोकं इकडून तिकडे धावत राहतं. अशा विस्कळीत कामात तिला सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच उड्या जमतात. नॅसमध्ये डिस्क कोणत्या आहेत ते मॉडेल नंबरवरून शोधा. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढलेले असतात. आधी एका राखीव पट्ट्यात लिहून घेतात आणि तो भरला की शेजारचे ट्रॅक पुन्हा पुन्हा लिहीत बसतात. तेव्हा वेग अगदी तळाला जातो, आणि रेडची (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची व्यवस्था) पुनर्बांधणी चालू असेल तर फारच हाल होतात. फिरते भाग नसलेल्या स्वस्त एसएसडी डिस्कचंही थोडंफार असंच आहे, वेगवान कॅशचा (तात्पुरत्या साठ्याचा) भाग भरेपर्यंतच ती वेगवान.

सर्व्हरमध्ये हार्डवेअर रेड कंट्रोलर (रेड सांभाळणारं वेगळं कार्ड) असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. वाचताना पूर्ण वेग, लिहिताना दयनीय, आणि हे एका दिवसात अचानक सुरू झालेलं, असं असेल तर कंट्रोलरची बॅटरी मेलेली असण्याची दाट शक्यता आहे. बॅटरी गेली की वीज जाताना कॅशमधला डेटा हरवू नये म्हणून कंट्रोलर राइट कॅश वापरणं थांबवतो आणि प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहायला लागतो. रेड ५ वर हे आणखी जाचक होतं, कारण तिथे एक छोटं लिखाण म्हणजे दोनदा वाचणं आणि दोनदा लिहिणं. असा सर्व्हर पाहिल्यावर लोक नेटवर्कवाल्याला बोलावतात आणि तो बिचारा दिवसभर केबली तपासत बसतो. कंट्रोलरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची अवस्था आणि ‘राइट बॅक’ (आधी कॅशमध्ये) की ‘राइट थ्रू’ (थेट डिस्कवर), एवढं वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बॅटरी बदलेपर्यंत राइट बॅक जबरदस्तीने चालू ठेवायचा पर्याय तिथे दिसेल. तो वापरू नका. वीज गेली तर डेटाबेसच्या फायली अर्धवट लिहिलेल्या सापडतील.

डिस्कचा हात आहे का हे पाहायला सर्व्हरवर परफॉर्मन्स मॉनिटर लावा आणि कॉपी चालू असताना दर वाचन-लिखाणाला लागणारा सरासरी वेळ बघा. फिरत्या डिस्कवर तो सतत २० मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर ती दमली आहे. मायक्रोसॉफ्टचं डिस्कस्पीडी टूल वापरून सर्व्हरवर बसूनच डिस्क मोजता येते. चाचणीची फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या, नाहीतर तुम्ही पुन्हा रॅमच मोजाल. आणि बॅकअपची डिस्क यूएसबीवर असून आकडा ३०-४० एमबीच्या पुढे जात नसेल तर ती यूएसबी २ च्या पोर्टात लागली आहे, दुसऱ्या पोर्टात लावा.

तिसरी तक्रार छोट्या फायलींची. इथे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं, आणि म्हणूनच ती सगळ्यात जास्त छळते. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या एसएमबी प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक फाइलसाठी उघड, माहिती दे, लिही, तारीख-वेळ लाव, बंद कर, असे अनेक निरोप जातात आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहिली जाते. घर बदलताना एकेक चमचा वेगळ्या फेरीत नेण्यासारखं हे आहे. गणित करून बघा. १० केबीच्या १ लाख फायली म्हणजे एकूण १ जीबी. एकच फाइल असती तर नऊ-दहा सेकंदांत गेली असती. आता दर फाइलमागे १० मिलिसेकंद धरले तर १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. दोन्हीकडचे अँटिव्हायरस आणि फिरती डिस्क मिळून ५० मिलिसेकंद लागत असतील तर १ तास २३ मिनिटं. या सगळ्या वेळात नेटवर्कचा ग्राफ तळाशी पडलेला असतो. १० गिगाबिटचा स्विच आणलात तरी यात काही मिनिटांचाही फरक पडणार नाही, कारण वेळ जातो तो वाट पाहण्यात.

वाट पाहणं टाळता येत नाही, पण एकाच वेळी अनेक फायलींची वाट पाहता येते. एक्सप्लोररने ओढून टाकण्याऐवजी विंडोजमधलाच रोबोकॉपी वापरा आणि त्याला एमटी स्विच, म्हणजे आज्ञेला जोडायचा /MT हा पर्याय, द्या. आकडा न देता तो ८ फायली एकदम पाठवतो, १२८ पर्यंत वाढवता येतं. एसएसडी असेल तर मी १६ किंवा ३२ ठेवतो. फिरत्या डिस्कवर जास्त धागे (एकदम जाणाऱ्या फायली) दिले की डोक्याची धावपळ वाढून उलट वेग कमी होतो. आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन स्विचही न चुकता द्या. नाहीतर एखादी फाइल कुणी उघडून बसलं असेल तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि मूळ सेटिंगमध्ये हा प्रयत्न १० लाख वेळा करायची त्याची तयारी असते. लोकांना वाटतं कॉपी अडकली. आर १ आणि डब्ल्यू १ पुरतात, राहिलेल्या फायली लॉगमध्ये दिसतात. मिरर पर्यायापासून मात्र जपा. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते तो पोहोचण्याच्या ठिकाणाहून पुसून टाकतो, आणि दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर होत्याचं नव्हतं होतं. आधी एल स्विच लावून नुसती यादी बघा, मगच खरी कॉपी.

एकदाच हलवायचं असेल तर त्याहून सोपं म्हणजे झिप. जिथे फायली आहेत तिथेच झिप करायची, एक मोठी फाइल म्हणून न्यायची, आणि सर्व्हरवर लॉगिन करून तिथल्या तिथे उघडायची. आपल्या कॉम्प्युटरवरून शेअरमध्ये उघडलीत तर तेच १ लाख निरोप पुन्हा नेटवर्कवरून जातील.

अँटिव्हायरसचा भार मोजायचा तर चाचणीचं एकच फोल्डर थोडा वेळ तपासणीतून वगळा आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. फरक मोठा असेल तर अँटिव्हायरसच्या उत्पादकाच्या फाइल सर्व्हरसाठीच्या सूचना पाळून नेमक्या सवलती द्या. पूर्ण बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे. फाइल सर्व्हर म्हणजे जिथे सगळ्यांच्या फायली एकत्र येतात अशी जागा, आणि रॅन्समवेअरला (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरला) तीच हवी असते.

याच संदर्भात साइनिंग. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबी साइनिंग मुळातच सक्तीचं झालं आहे, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही करून पाठवायची आणि समोरच्याने ती तपासायची. सर्व्हरच्या प्रोसेसरला हे फारसं जाणवत नाही. जुन्या नॅसच्या इवल्याशा प्रोसेसरला जाणवतं, आणि काही जुने नॅस तर कनेक्शनच नाकारतात. नवे कॉम्प्युटर आल्यापासून फक्त नॅसची कॉपी संथ झाली असेल तर कॉपी चालू असताना नॅसचा सीपीयू बघा. टोकाला गेला असेल तर फर्मवेअर (नॅसच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि त्यानेही भागलं नाही तर नॅस बदलायचा विचार करा. साइनिंग बंद करा किंवा एसएमबी १ ही जुनी आवृत्ती चालू करा असे सल्ले मिळतील. एसएमबी १ च्याच त्रुटीतून २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं होतं. कॉपी थोडी लवकर व्हावी म्हणून ते दार उघडू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच: वायफायच्या खिडकीत ८६६ एमबीपीएस दिसतात ते कागदावरचे, हाती जेमतेम निम्म्याच्या आसपास लागतात, आणि तेही त्या ॲक्सेस पॉइंटवरच्या सगळ्यांत वाटून. मोठी फाइल असेल तर केबल लावा.

शाखेतून व्हीपीएनने (इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने) कॉपी होत असेल तर हिशेब बदलतो. तिथे अंतराचा, म्हणजे पिंगच्या वेळेचा, परिणाम सगळ्यात मोठा. समोरून पोच येण्याआधी किती डेटा वाटेत ठेवता येतो यावर वेग ठरतो. १०० एमबीपीएस लिंक आणि ४० मिलिसेकंद पिंग असेल तर वाटेत ५०० केबी असायला हवेत. जुन्या एखाद्या उपकरणामुळे ही मर्यादा ६४ केबीवर अडकली तर वेग सेकंदाला १.६ एमबीच्या वर जाणारच नाही, लिंक कितीही मोठी घ्या. विंडोजमध्ये टीसीपी ऑटोट्यूनिंग (ही मर्यादा आपोआप वाढवणारं सेटिंग) ‘नॉर्मल’वर आहे ना ते बघा; ‘इंटरनेट फास्ट करा’ म्हणणारी टूल्स ते बंद करून ठेवतात. छोट्या फायलींचं गणित तर इथे भीषण होतं: दर फाइलमागे पाच निरोप आणि प्रत्येकी ४० मिलिसेकंद, म्हणजे १० हजार फायलींना अर्ध्या तासाहून जास्त. आणि फोल्डरची यादी दिसते, छोटी फाइल येते, मोठी मात्र लटकते, असं असेल तर एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, दोष समजा. व्हीपीएनच्या वेष्टनामुळे १५०० बाइटचं पॅकेट आत मावत नाही आणि ‘लहान पाठव’ हा निरोप कुणीतरी वाटेत अडवतं. व्हीपीएनच्या उपकरणावर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटं आधीच लहान ठेवायला लावणारं सेटिंग) लावलं की हे सुटतं. ऑफिसात जंबो फ्रेम (१५०० पेक्षा मोठी पॅकेटं) अर्ध्याच उपकरणांवर चालू केल्या असतील तरी लक्षण अगदी हेच दिसतं. पंचवीस जणांच्या ऑफिसला जंबो फ्रेमची गरज नाही, सगळीकडे १५०० ठेवा.

हे सगळं तपासूनही एखादी कॉपी संथच राहिली तर वायरशार्क हे पॅकेटं टिपणारं टूल लावा आणि त्या एका कॉपीचं मिनिटभर रेकॉर्डिंग घ्या. सगळं समजायची गरज नाही, तीन गोष्टी शोधा. रिट्रान्समिशन (पुन्हा पाठवलेली पॅकेटं) भरपूर असतील तर पॅकेटं वाटेत हरवताहेत, पुन्हा केबल, पोर्ट आणि एरर काउंटरकडे. घेणाऱ्याकडून ‘झीरो विंडो’ येत असेल तर तो सांगतोय की माझी जागा भरली, थांब. म्हणजे नेटवर्क ठीक आहे आणि घेणाऱ्याची डिस्क किंवा अँटिव्हायरस मागे पडतोय. आणि दोन्ही नसताना नुसतीच शांतता असेल, तर एसएमबीची विनंती कधी गेली आणि उत्तर कधी आलं यातलं अंतर वाचा. सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावत असेल तर सर्व्हरकडे जा. उत्तर आल्यावर पुढची विनंती उशिरा निघत असेल तर दोष त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात आहे.